इनोयतच्या दुकानाचं मागचं दार

इनोयतला मी ओळखत होतो असं म्हणताना माझी जीभ अडखळते. आम्ही एका वर्गात शिकलो, एकाच मोहल्ल्यात म्हातारे झालो. जुने वर्गमित्र महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी पुलाव खायला जमायचो, तेव्हा तो बहुतेक माझ्याच शेजारी बसायचा. पुलावातली लसणाची अख्खी गड्डी तो दर वेळी माझ्या बाजूला सरकवी. मी समजायचो, मित्र म्हणून देतोय. त्याला लसूण मुळीच आवडत नव्हता, हे मला तो गेल्यावर त्याच्या मुलीकडून कळलं. माझी ओळख ही अशी, एवढीच.

तरी लिहायला बसलो आहे, कारण चहाखान्यात त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकवत नाही. कुणी म्हणतं, गर्विष्ठ होता. कुणी म्हणतं, स्वतःच्या मुलीचं वाटोळं केलं. आणि असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या नाकावर त्यानंच बसवलेला चष्मा असतो.

त्याचे वडील नानवाले. आमच्या मरगिलान शहराच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचा तंदूर होता. इनोयतला डॉक्टर व्हायचं होतं, पण प्रवेश मिळाला नाही. मग ताश्कंदला चष्म्याचं काम शिकवणाऱ्या शाळेत गेला आणि तिथून लेनिनग्राडला, भिंगं घासण्याच्या कारखान्यात. तिथं रिम्मा पावलोव्हना नावाच्या बाई शिकवायला होत्या. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला त्या मुद्दाम चुकीच्या नंबरचा चष्मा घालायला लावत आणि सांगत, आता शहरात जा, संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. इनोयत ट्रामच्या पायरीवरून पडला. डोकं इतकं दुखलं की जेवला नाही. बाईंनी विचारलं, "आता कळलं, तुझ्या हातून चूक झाली की माणसाचं काय होतं?" ही गोष्ट तो हसत हसत सांगे. पण काम करताना त्या ट्रामची आठवण त्याच्या हातात असायची, असं मला वाटतं. नंबर काढून झाला की जाडजूड तपासणीची फ्रेम माणसाच्या डोळ्यांवर तशीच ठेवून तो त्याला रस्त्यावर पाठवी. "जा, समोरच्या तुतीच्या झाडापर्यंत चालून ये. पायरी उतरताना कसं वाटतं ते सांग." भर बाजारात ती फ्रेम लावून फिरणारा माणूस दिसला की पोरं ओरडत, "इनोयतचं घुबड!"

आमची खरी जवळीक तक्त्यामुळे झाली. मी अतलसाच्या, म्हणजे रेशमी कापडाच्या, कारखान्यात ताण्याच्या दोऱ्यांवर नक्षीच्या खुणा काढायचो. सोव्हिएत काळात त्याच्या दुकानात रशियन अक्षरांचा तक्ता टांगलेला असे आणि मागावरच्या म्हाताऱ्या बायकांना तो वाचता येत नसे. त्या लाजून म्हणायच्या, दिसत नाही. मग नंबर भलताच निघायचा. एक दिवस तो माझ्याकडे आला.

"वोहिद, तू दिवसभर दोऱ्यांवर रेघोट्या ओढतोस ना?"

"नक्षी म्हणतात तिला."

"बरं, नक्षी. मला एक तक्ता काढून दे. वर मोठी, खाली बारीक होत जाणारी. बायकांना ओळखू येईल अशी."

मी डाळिंब, फणी, मेंढ्याचं शिंग, विंचू आणि बदाम काढून दिले. पहिलीच म्हातारी बसली आणि तिसऱ्या ओळीकडे बोट करून म्हणाली, "बदाम."

"आजी, तो विंचू आहे."

"मला विंचूसुद्धा बदाम दिसतो, तर चष्मा कशाला घालू मेल्या? आहे ते बरं आहे की!"

हा तक्ता शेवटपर्यंत त्याच्या भिंतीवर होता.

आता दाराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चष्मा लावणाऱ्या मुलीला मागणी येत नाही. सासरी गेल्यावर लावला तर चालतो, आधी नाही. मुलींना फळा दिसत नसे, तरी आया त्यांना चष्मा लावू देत नसत. इनोयतनं यावर वाद घातला नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीत, वडिलांच्या तंदूरच्या गल्लीत उघडणारं एक दार पाडून घेतलं. नान घ्यायला आलेली मुलगी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्या दारानं किती मुली आल्या ते तोच जाणे. वर्गात बसल्यावर बाकाखालून चष्मा काढायच्या आणि शाळा सुटली की दप्तरात ठेवायच्या.

मुलाच्या बाजूच्या बायकांना हे ठाऊक होतं. मागणी घालण्याआधी त्या पुढच्या दारानं त्याच्याकडे यायच्या.

"इनोयत-अका, रंगाऱ्याच्या दुसऱ्या मुलीचे डोळे, म्हणजे आपलं, ठीक आहेत ना?"

"ओपा, आधी तुमचेच बघू या. बसा. हे काय दिसतं?"

"मी मुलीचं विचारतेय!"

"मीही तेच म्हणतोय. मुलगी बघायला निघालाय, तर आधी नीट दिसायला नको?"

त्या रागावून जायच्या आणि बहुतेक वेळा नवा चष्मा घेऊन जायच्या. पण त्याच्या तोंडून शब्द म्हणून निघाला नाही. त्या अंधाऱ्या खोलीत त्यानं जे पाहिलं ते तिथंच राहिलं. त्याच्या बायकोलाही, होसियतलाही, कधी काही कळलं नाही. म्हणून तर सगळा मोहल्ला त्याच्याकडे जायचा.

त्याच मागच्या दारानं सानोबर आपल्या मुलाला घेऊन आली. सानोबर विधवा, आमच्याच गल्लीतली, पदरात दोन मुली आणि मधला हा दोनियोर. पोरगा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. संध्याकाळ झाली की दाराच्या चौकटीला आपटायचा, पाण्याच्या पाटात पाय घालायचा. इनोयतनं डोळ्यात उजेड टाकून आत पाहिलं. नंतर त्याला नान आणायला बाहेर पाठवलं आणि सानोबरला सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काळे ठिपके आहेत. आधी अंधारातलं जाईल, मग कडेकडेचं. नळीतून बघितल्यासारखं होईल आणि मग तेही राहणार नाही. तिशी-पस्तिशीपर्यंत. औषध नाही. घराण्यातून येतं. ताश्कंदच्या मोठ्या डॉक्टरांकडे त्यानं पाठवलं. त्यांनीही तिला एकटीला हेच सांगितलं.

सानोबर परत आली ती छातीशी नान घेऊन. मेजावर ठेवला. म्हणाली, "याच्यावर हात ठेवा, अका. कुणाला सांगणार नाही म्हणा. नाहीतर माझ्या मुली बिनलग्नाच्या राहतील घरात."

"मुलाला तरी सांगायला हवं."

"मी सांगेन. मोठा झाला की मीच सांगेन. आई आहे ना मी?"

त्यानं नानवर हात ठेवला. नानवाल्याच्या मुलानं नानवर ठेवलेला हात म्हणजे काय, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. सानोबरनं मात्र मुलाला कधीच सांगितलं नाही. दोनियोर शिकला, शाळेत भूगोल शिकवू लागला. अंधार पडल्यावर सायकल चालवत नसे, एवढंच आम्हाला दिसायचं.

त्याच शाळेत इनोयतची एकुलती एक मुलगी ओयदिन पहिलीच्या मुलांना शिकवायची. पुढचं काय सांगायचं? दोघं एकमेकांना आवडली. रीतीनं, लांबून. आणि सानोबरच्या घरून मागणी आली.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसलं ते माझ्या बायकोच्या, मलोहतच्या डोळ्यांनी, कारण ती त्या बायकांत बसली होती. बायका तिसऱ्यांदा आल्या होत्या. तिसऱ्या वेळेला नान मोडतात आणि एकदा मोडला की लग्न ठरलं. तो पुन्हा जोडता येत नाही. सकाळी होसियतनं नवऱ्याला विचारलं होतं, "अहो ओयदिनचे दादा, आज त्या येणार आहेत. काय सांगू?" इनोयत काही बोलला नाही. घरातला पुरुष गप्प राहिला की होकार, असं आम्ही धरतो. मुलीचा बाप तोंडानं 'हो' म्हणायला लाजतो, म्हणून. होसियतनं आनंदानं जेवणाचा दस्तरखान अंथरला. मिठाई आली. तिनं नान हातात घेतला, बिस्मिल्ला म्हणाली, आणि तेवढ्यात दारातून इनोयत आत आला.

बायकांच्या बैठकीत पुरुष येत नाही. मलोहत सांगत होती की सगळ्यांनी घाईघाईनं रुमाल सावरले. तो कुणाकडे न बघता बायकोपाशी गेला, तिच्या हातातला नान काढून घेतला, सानोबरनं ज्या फडक्यातून आणला होता त्याच फडक्यात गुंडाळला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"आमची मुलगी अजून लहान आहे," तो म्हणाला.

ओयदिन चहाची किटली घेऊन उंबऱ्यावर उभी होती. तेवीस वर्षांची.

मोहल्ल्यानं मग जे बोलायचं ते बोललं. चष्मेवाला स्वतःला डॉक्टर समजतो. विधवेचा पोर नको, ताश्कंदचा जावई हवा. आमच्या पुलावाच्या बैठकीतही कुणीतरी टोमणा मारला, "इनोयत, तुझ्या जावयासाठी कुठल्या नंबरची भिंगं लागतील रे?" तो हसला आणि लसणाची गड्डी माझ्याकडे सरकवली.

घरात होसियत रडायची. ओयदिननं मात्र बापाला एकदाच विचारलं, "दादा, त्याच्यातला एक दोष सांगा. एकच."

"मुलात काही दोष नाही, बाळ."

"मग?"

तो भिंग पुसत राहिला.

वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. नवरा रशियात, सामाराला बांधकामावर होता, माणूस वाईट नव्हता. ती तिकडे गेली. सानोबरनं मुलासाठी दुसरं कुठलंही दार ठोठावलं नाही. तिच्या दोन्ही मुली उजवल्या गेल्या आणि दोनियोर तसाच राहिला.

तिशी ओलांडल्यावर दोनियोरची नजर आवळत आली. तो स्वतःच ताश्कंदला गेला, तेव्हा त्याला कळलं आणि मग मोहल्ल्याला. हातात काठी आली, शाळा सुटली. इनोयतनं मागणी का परतवली हे तेव्हा लोकांना उमगायला हवं होतं. काहींना उमगलंही. पण त्यांनी दुसरा सूर लावला: माहीत होतं तर पोराला एवढी वर्षं अंधारात का ठेवलं?

मग होसियत वारली आणि ओयदिन आईच्या मातीला आली. वेळेवर पोचली. तिसऱ्या दिवशी मी इनोयतच्या अंगणात बसलो होतो. ती बाहेरून आली. वाटेत तिला दोनियोर भेटला असावा, कारण डोक्यावरचा रुमाल घसरलेला होता आणि ती तो सावरत नव्हती. मी उठू लागलो. इनोयतनं माझी बाही धरली.

"दादा, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझ्यासाठी केलंत."

त्यानं सरकून तिला बसायला जागा केली. ती उभीच राहिली.

"नान होता मध्ये, तेही कळलं. सानोबर-खाला रडत रडत सांगत होती. ठीक आहे. त्याचं नाव घ्यायचं नव्हतंत. पण मला एवढं तरी विचारायचं होतंत, की ओयदिन, उद्या एखाद्याचे डोळे गेले तर तू त्याला हाताला धरून नेशील का? एवढंच. यानं कुठला नान मोडत होता?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"आता कशाला विचारता?" ती म्हणाली. आणि मग, घरात जाता जाता, "हो म्हणाले असते. मी त्याला संध्याकाळी दारातून आत नेत होते, दादा. शाळेत. मला दिसत नव्हतं का?"

ती आत गेली. इनोयतनं माझी बाही सोडली नव्हती. मग त्यानं मला सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलं आहे ते. मागणी येण्याआधी सानोबर मागच्या दारानं दुकानात आली होती, हेही तेव्हाच कळलं. "मी तिला म्हटलं, सानोबर, जगातलं दुसरं कुठलंही घर चाललं असतं. माझंच का? तर म्हणते, 'दुसऱ्या कुणाकडे गेले तर फसवून गेल्यासारखं होईल. तुम्हाला सगळं माहीत आहे. जो जाणतो त्याच्याच घरी माझा मुलगा सुखात राहील.' म्हटलं, मग माझ्या मुलीला सांगू दे. तर म्हणते, 'धाकटीचं अजून व्हायचंय, अका. तिला कळलं की गल्लीला कळलं.' मी काय करायला हवं होतं रे, वोहिद?"

मी ते आजही तोलत असतो. बापाचा जीव एकीकडे, नानवरचा हात दुसरीकडे. मी असतो तर बहुधा मुलीला सांगून मोकळा झालो असतो आणि मग माझ्याकडे त्या मागच्या दारानं पुन्हा कुणी आलं नसतं.

ओयदिन गेली. जाताना बापाला मिठी मारली, पण डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं नाही. आमच्या बायका असं लगेच टिपतात.

काही दिवसांनी इनोयत मला म्हणाला, "चल, दोनियोरकडे जायचंय. एकट्यानं जाववत नाही." गेलो. सानोबर आम्हाला पाहून आत निघून गेली. दोनियोरनं आवाजावरून ओळखलं, उठला, चाचपत गादी नीट केली. "बसा, अका. वोहिद-अकापण आलेत का? बसा, बसा. चहा गार असेल, आई आत्ताच ओतून गेली."

इनोयतनं माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यांत, जशी आमच्या पिढीतल्या माणसानं आपल्यापेक्षा लहान माणसाची मागितलेली मी पाहिलेली नाही. दोनियोरनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ओयदिनचं तुम्ही बाप म्हणून केलंत. त्यावर मी बोलणार नाही. मी तरी काय, माहीत असतं तर मागणी घातलीच नसती."

त्यानं चाचपून आम्हा दोघांच्या पुढ्यात पेले ठेवले.

"पण मला सांगायला हवं होतं, अका. मी पोरांना नकाशावर डोंगर दाखवायचो. दरवर्षी. हे पामीर, हे अलाय. आणि इथून इतक्या जवळ शाहीमर्दान, तिथं एकदाही गेलो नाही. म्हटलं, डोंगर कुठं पळून जातात? पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. तुम्ही सांगितलं असतंत ना, तर मी आधी सगळं पाहून घेतलं असतं."

इनोयत म्हणाला, "आपण जाऊ या. मी घेऊन जातो."

"आता?" दोनियोर हसला. हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "राहू दे, अका. चहा घ्या."

परत येताना दुकानाशी आल्यावर इनोयत म्हणाला, "मी त्याला चुकीच्या नंबरचा चष्मा घातला, वोहिद. वीस वर्षं घालून ठेवला."

त्यानंतर त्याची कामाची पद्धत बदलली. मागचं दार तसंच राहिलं, पण मुलांना तपासताना तो आईला बाहेर बाकावर बसवायचा आणि जे असेल ते आधी मुलाला सांगायचा, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. एका बाईनं दारातच भांडण काढलं, "माझ्या लेकराला तुम्ही रडवलंत!" तो म्हणाला, "हो, ओपा. रडू दे थोडं. आता तुम्ही आत या." काही लोक त्याच्याकडे यायचे बंद झाले. फर्गान्याला नवीन, चकचकीत दुकानं निघाली होती, तिथं यंत्रात डोकं घातलं की नंबर छापून येतो. ते तिकडे गेले.

ओयदिन सुरुवातीला सणाला फोन करायची. नौरोझला, ईदला. मग नौरोझला. मग एक नौरोझ तसाच गेला. तो कधी तक्रार करत नसे. कुणी विचारलं की म्हणायचा, "तिला काम असतं. तिकडे थंडी फार."

तो शरदात गेला, सकाळी, दुकान उघडण्याआधी. आमच्याकडे थांबत नाहीत. दुपारच्या नमाजनंतर उचलला. मयताच्या ताबूताला खांदा द्यायला पुरुष आळीपाळीनं येत होते. गर्दीतून कुणीतरी दोनियोरला हाताला धरून पुढं आणलं आणि त्यानं चाचपून दांडा खांद्यावर घेतला. खड्ड्यांचा रस्ता होता. लोकांनी त्याला लवकर बाजूला घ्यायला पाहिलं, तर म्हणाला, "राहू द्या. इथं मला वाट माहीत आहे," आणि वळणापर्यंत चालला.

ओयदिन पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. ती दुकानात जाऊन माझ्या त्या तक्त्यासमोर खूप वेळ बसून राहिली. लसणाचं मला तेव्हाच तिनं सांगितलं. मग विचारलं, "वोहिद-अमाकी, शेवटचं तुम्हीच भेटलात ना त्यांना? काय म्हणाले?"

मला काहीतरी मोठं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जे झालं तेच मी तिला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यानं खिशातून फोन काढला, उलटसुलट करून पाहिला.

"वोहिद, तुझा फोन चालतो ना?"

"चालतो. का रे?"

"माझ्यावर एकदा लाव बघू."

"समोर तर बसलायस!"

"लाव म्हटलं ना."

मी लावला. त्याच्या हातातला फोन वाजला. त्यानं तो लगेच बंद केला नाही, थोडा वाजू दिला.

"वाजतो की," मी म्हणालो.

"वाजतो." त्यानं फोन खिशात ठेवला. "लांबून कुणी लावला, रशियातून वगैरे, तरी असाच वाजतो का?"

"असाच वाजतो."

"बरं," तो म्हणाला.